वाचकांचे प्रश्न : हात टिकवायचा कसा?

प्रश्न : मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली. ६ वर्षं आयसीयूत काढली. मुलगी झाल्यावर नाइट ड्यूटी झेपेना, म्हणून ३ वर्षांपूर्वी पुण्यात आरोग्य विम्याचे क्लेम तपासायच्या नोकरीला लागले. परवा शेजारच्या काकांचं बीपी घेताना आवाज नेमका कुठे बंद झाला ते कळलंच नाही. पट्टा पुन्हा फुगवावा लागला. मुलगी शाळेत जायला लागली की मला वॉर्डात परतायचंय. तोवर हात कसा टिकवू?
– एक परिचारिका, पुणे

उत्तर : तुला 'तू' म्हणते, माझ्या वॉर्डात तुझ्याच वयाच्या मुली असायच्या. मीही ४ वर्षं वॉर्ड सोडून ऑफिसात होते. ड्यूटी लावायच्या, रजा बघायच्या, इंडेंट, म्हणजे वॉर्डाच्या सामानाचे मागणीपत्र, भरायचे. परतल्यावर त्याच आठवड्यात एका आजींना गुलाबी कॅन्युला, म्हणजे सलाइनसाठी शिरेत ठेवायची बारीक नळी, लावायला गेले. शीर दिसत होती, बोटालाही लागत होती. पण कातडी ताणून धरायची राहिली आणि शीर सुईखालून सरकली. आजी काही बोलल्या नाहीत, फक्त हात मागे घेतला. गेज म्हणजे सुईची जाडी, रंग, कोन मला सगळं पाठ होतं. डावा अंगठा तेवढा विसरला होता.

बीपी घरच्यांचंच घे, आठवड्यातून दोनदा, स्टेथो लावून. हवा सावकाश सोड, सेकंदाला पाऱ्याचे २ ते ३ मिलिमीटर. महिन्याभरात कान परत येतो.

तुझ्या टेबलावर रोज फायली येतात, ही तर मोठी शाळा आहे. डिस्चार्ज समरीत आधी फक्त दाखल होतानाचं बीपी, नाडी आणि ऑक्सिजन वाच. पहिल्या तासात तू काय केलं असतंस ते मनाशी ठरव, मगच पुढचं वाच. थेंबांचं गणितही सोडू नकोस. ५०० मिली सलाइन, ४ तास, २० थेंबांना १ मिली देणारा सेट, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. हे कागदाशिवाय आलं पाहिजे. इन्सुलिनची मिलीला ४० युनिटची लाल टोपणाची सिरिंज आणि १००ची केशरी, हा फरकही झोपेतून उठवलं तरी सांगता यायला हवा.

बीएलएसचं, म्हणजे बंद पडलेलं हृदय-श्वास सांभाळायच्या प्राथमिक कोर्सचं, कार्ड २ वर्षं चालतं, पण छातीवरचा दाब काही महिन्यांतच ढिला पडतो. जिथे कोर्स केलास तिथे विचारून दर ३ महिन्यांनी पुतळ्यावर हात चालव : मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल.

सोसायटीत कुणी 'ताई, एवढं इंजेक्शन देता का?' म्हणत आलं तर सराव होईल म्हणून देऊ नकोस. रिअ‍ॅक्शन आली तर घरात ती आवरायला अ‍ॅड्रेनलिन नसतं.

शिरेचा हात मात्र माणसावरच टिकतो. जवळच्या एखाद्या नर्सिंग होममध्ये महिन्यातले दोन रविवार माग. त्याआधी नेमणूकपत्र वाच, बाहेर काम करायला मनाई असेल तर ऑफिसकडून लेखी परवानगी घे. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू आहे ना, हिपॅटायटिस बीचे डोस पूर्ण झालेत ना, तेही बघून ठेव. आणि पहिल्याच दिवशी तिथल्या सिस्टरला सांग, 'माझा ३ वर्षांचा खंड आहे, तुम्ही शेजारी उभ्या राहा.' दोनदा शीर चुकली तर तिसऱ्यांदा टोचू नकोस, कॅन्युला तिच्या हातात दे आणि तिचा डावा अंगठा कुठे आहे ते बघ.