देवळातले भटजी कौलाच्या नावाखाली पैसे उकळत असतील तर गोव्यात तक्रार कुठे करायची?

मामलेदाराकडे. देवस्थान महाजनांचं, म्हणजे देवळाची मालकी असलेल्या घराण्यांचं असलं तरी १९३३ च्या, पोर्तुगीज काळातल्या देवस्थान नियमनानुसार मामलेदारच त्याचा प्रशासक असतो. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा इथे लागू नाही, त्या भरवशावर राहू नका.

पण मामलेदारापर्यंत पोचण्याआधी घरचेच तुम्हाला अडवतील. बाबा गेले त्या वर्षी कुळागर, म्हणजे आमची सुपारी-नारळाची बाग, विकावं की ठेवावं हे आईला ठरवता येईना, म्हणून फोंड्याजवळच्या आमच्या देवळात कौल लावला. भटजींनी मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तीनदा डावीच पडली. मग कुळपुरुष कोपलाय, अनुष्ठान केलं नाही तर मुलांवर संकट येईल, असं भटजींनी सांगितलं. आईने हातातल्या दोन बांगड्या काढून तबकात ठेवल्या.

मी सतरा वर्षांचा होतो, गर्भकुडीच्या, म्हणजे गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभा. उजवीकडच्या पाकळ्या भटजी अंगठ्याने दाबून बसवत होते. डावीकडच्या नुसत्या टेकवत होते. मी तसं बोलून दाखवलं, तर मामांनी दंडाला धरून मला चौकात आणलं. ‘देवाच्या कौलात तोंड घालायचं नाही.’

मामा आजही म्हणतात, तुझ्या आईने राजीखुशीने दिलं. नवरा जाऊन तीन महिने झालेले, समोर देव, बाजूला थोरला भाऊ आणि भटजी मुलांची भीती घालतोय. ह्याला राजीखुशी म्हणत नाहीत, लुबाडणं म्हणतात. पुढे महाजन झाल्यावर मी जमाखर्चाची जुनी वही काढायला लावली. त्या महिन्यातलं समईचं तेल, फुलं, केळीची पानं, सगळं लिहिलेलं आहे. बांगड्या कुठेच नाहीत.

सगळे भटजी असे नसतात हेही सांगायला हवं. आमचे आताचे भटजी दक्षिणासुद्धा पेटीत टाकायला लावतात. कौलावरही माझा राग नाही, आई अजून लावते.

तुम्ही मात्र पावतीशिवाय काही देऊ नका, आणि दिलं असेल तर तारीख, वस्तू आणि हजर असलेल्यांची नावं आजच लिहून ठेवा. साक्षीदार आधी तयार करा. मी अर्ज दिला तेव्हा साक्षीला मामांचं नाव घातलं होतं. ते आले नाहीत.