एक्सलचा रेशो ‘वाढवला’ म्हणजे नेमकं काय केलं?

प्रश्न थोडक्यात असा: “१९९० ची मस्टँग ५.० आहे, टी-५ चा पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स. मागच्या एक्सलमध्ये ३.०८ चा सेट आहे. तो काढून ३.७३ किंवा ४.१० घालायचा विचार आहे. आकडा वाढतो, पण इंग्रजी बोलणारे याला ‘लोअर गिअर’ म्हणतात. मराठीत रेशो ‘वाढवला’ म्हणावं की ‘उतरवला’? आणि ३.७३ वाचायचं कसं?”

आधी वाचायचं कसं ते बघू. गवंडी सिमेंट-वाळूचा माल ‘एकास चार’ सांगतो, तीच बोली इथे चपखल बसते. एकास ३.७३. चाकाच्या एका फेऱ्यास प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्समधून मागच्या एक्सलला फिरवणाऱ्या दांड्याचे) ३.७३ फेरे. ‘पश्च अक्ष गुणोत्तर’ व्याकरणाने बरोबर आहे, पण त्यातून काय कशाच्या किती पट फिरतं हे कळत नाही. ‘एकास’ म्हटलं की चाक एक आणि शाफ्ट जास्त, हे लगेच डोळ्यांपुढे येतं.

आकडा असा अडनिडा का, हेही याच ओघात सांगतो. एक्सलमध्ये दोन गिअर असतात: मोठं क्राउन आणि त्याला फिरवणारं छोटं पिनियन. ३.७३ च्या सेटमध्ये क्राउनला ४१ दाते आणि पिनियनला ११. ३.०८ म्हणजे ४० आणि १३, ३.५५ म्हणजे ३९ आणि ११, ४.१० म्हणजे ४१ आणि १०. यातल्या कुठल्याही जोडीला एकाहून मोठा सामाईक विभाजक नाही, आणि हे मुद्दाम केलेलं असतं. ४० आणि १० दाते ठेवले तर पिनियनचा एक दाता आयुष्यभर क्राउनच्या त्याच चार दात्यांना भेटेल आणि एखाद्या दात्यातला दोष त्याच जागी घासत राहील. ४१ आणि १० मध्ये प्रत्येक दाता प्रत्येकाला भेटतो, झीज सारखी वाटली जाते. म्हणून सुटसुटीत ४.०० ऐवजी ४.१० वापरात दिसतो. सेट मागवताना दात्यांची जोडी बोला किंवा लिहा. ‘४१-११’ म्हटल्यावर गैरसमजाला जागाच उरत नाही.

आता ‘वाढवला’. हा शब्द मी टाळायला सांगेन, आणि त्याला इंग्रजीपेक्षा आपली मोटरसायकल जास्त कारणीभूत आहे. दुचाकीच्या गॅरेजमध्ये ‘पुढचे दाते वाढवले’ म्हणजे पुढचं स्प्रॉकेट मोठं घातलं. मागे ३८ आणि पुढे १७ दाते असतील तर रेशो २.२४ होतो, पुढे १८ घातले की तो २.११ वर उतरतो. गाडी हायवेवर शांत पळते, पण चढाला ओढ कमी पडते. म्हणजे दुचाकीवाल्याच्या ‘वाढवला’मध्ये आकडा घटतो, मोटारवाल्याच्या ‘वाढवला’मध्ये तो चढतो, आणि दोघांच्या गाडीवर परिणाम उलटे. तेव्हा नुसतं ‘वाढवला’ म्हणू नये. ‘आकडा वाढवला’ किंवा सरळ ‘३.०८ काढून ३.७३ घातला’ म्हणावं.

‘लोअर’चं कोडं गिअरबॉक्सकडे पाहिलं की सुटतं. तुमच्या टी-५ मध्ये पहिला गिअर ३.३५ चा आहे, चौथा १.०० आणि पाचवा ०.६८. गिअर वरवर जातो तसा आकडा खाली येतो. घाटात आपण ‘लो गिअर टाक’ म्हणतो तेव्हा आकड्याने सगळ्यात मोठाच गिअर मागत असतो. तोच न्याय एक्सलला लावला की ४.१० ‘लो’ आणि ३.०८ ‘हाय’. तर्क बिनचूक आहे, पण ‘लो रेशो’ असं म्हटलं की ऐकणारा हमखास लहान आकडा समजतो.

माझी पसंती ‘हलका’ आणि ‘जड’ला आहे. सायकलवाले हे शब्द रोज वापरतात: चढावर हलका गिअर, सपाटीला जड. पायाला जे जाणवतं तेच इथे इंजिनाला जाणवतं. ४.१० हलका एक्सल, ३.०८ जड एक्सल. विलीज जीपचा युद्धकाळातला एक्सल ४.८८ चा होता आणि नंतरच्या नागरी सीजे-२ए चा ५.३८ चा, म्हणजे ४३-८. हे खरे हलके एक्सल: ओढ भरपूर, पळ बेताची. जीपवाल्याला ‘हलका’ म्हणजे काय हे समजवावं लागत नाही.

‘किती हलका?’ याचं उत्तर मात्र शब्दांत मिळत नाही, हिशेब मांडावा लागतो. २२५/६० आर १५ टायरचा व्यास ६५१ मिमी होतो. गाडीच्या वजनाखाली दबलेलं चाक एका फेऱ्यात साधारण २ मीटर जातं. ताशी १०० किमीला मिनिटाला १६६७ मीटर, म्हणजे चाकाचे ८३३ फेरे. त्याला एक्सलच्या आणि गिअरच्या आकड्याने गुणलं की इंजिनाचे फेरे मिळतात. पाचव्या गिअरमध्ये ३.०८ ला सुमारे १७४५, ३.५५ ला २०१०, ३.७३ ला २११५ आणि ४.१० ला २३२५. ‘४.१० घातला की हायवेवर इंजिन बोंबलतं’ असं लोक सांगतात, पण ०.६८ च्या पाचव्या गिअरमुळे ते तेवढं खरं नाही. तीन किंवा चार गिअरच्या, ओव्हरड्राइव्ह (१.०० हून लहान आकड्याचा गिअर) नसलेल्या गाडीत शेवटचा गिअर १.०० चा असतो. तिथे त्याच वेगाला ४.१० वर ३४१५ फेरे होतात आणि तक्रार रास्त ठरते.

खरी अडचण पहिल्या गिअरला येते. पहिल्या गिअरचा आकडा गुणिले एक्सलचा आकडा, हा एकच गुणाकार मी आधी करायला सांगेन. ३.३५ ला ३.०८ ने गुणलं की १०.३, ३.५५ ने ११.९, ३.७३ ने १२.५, ४.१० ने १३.७. रस्त्यावरच्या टायरवर चालणाऱ्या, खालच्या फेऱ्यांतच जोर देणाऱ्या तुमच्यासारख्या व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनाला १० ते १२ च्या आसपासचा गुणाकार मानवतो. १३.७ वर पहिला गिअर जवळजवळ वाया जातो: टायर जागीच फिरतात आणि ५५०० फेऱ्यांना गाडी जेमतेम ताशी ४८ किमीला पोचते, की लगेच दुसरा टाका. ३.०८ वर तोच पहिला गिअर ६४ पर्यंत जातो. म्हणून तुमच्या गिअरबॉक्सला ३.५५ किंवा ३.७३ योग्य. रोजची गाडी असेल तर मी ३.५५ म्हणेन, वजन कमी केलं असेल, मागचे टायर चांगले पकडणारे असतील तर ३.७३.

४.१० वाईट आहे असं यातून काढू नये. टी-५ झेड गिअरबॉक्समध्ये पहिला गिअर २.९५ चा आहे, त्यावर ४.१० चा गुणाकार १२.१ येतो. २.६६ च्या पहिल्या गिअरचा सहा गिअरचा टी-५६ असेल तर १०.९, आणि सहावा ०.५० चा असल्याने ताशी १०० ला १७१० फेरे. तिथे ४.१० हाच शहाणपणाचा. उलट २०१५ च्या मस्टँग जीटीला ३.६६ चा पहिला गिअर आणि पर्याय म्हणून मिळणारा ३.७३ चा एक्सल मिळून १३.७ होतात तरी चालतं, कारण ते इंजिन ७००० पर्यंत फिरतं आणि त्याचा जोर वरच्या फेऱ्यांत आहे. हलका-जड हे विशेषण पूर्ण जोडीचं आहे, एकट्या एक्सलचं नाही. टायरही त्याच जोडीत येतो: ६५१ च्या जागी ७०० मिमीचं चाक घातलं तर ३.७३ चा एक्सल ३.४७ सारखा वागतो, म्हणजे केलेल्या खर्चातला बराच भाग टायर खाऊन टाकतो.

बसवण्याच्या बोलीतले काही शब्द. ‘प्ले’ म्हणजे क्राउन आणि पिनियनच्या दात्यांमधली मोकळीक. बाजारातल्या बऱ्याच सेटना ती ०.१५ ते ०.२५ मिमी सांगितलेली असते. शेवटचा शब्द सेटसोबतच्या कागदाचा. ‘छाप’ म्हणजे दात्यांना रंग लावून गिअर फिरवल्यावर उमटणारा ठसा. तो दात्याच्या मधोमध हवा, टोकाला किंवा बुडाला नको. पिनियनखालची शिम (जागा नेमकी करणारी पातळ चकती) चुकली की छाप सरकतो, आणि मग ठरावीक वेगाला मागून ‘घूंऽऽ’ असा सूर लागतो. तेल बदलून तो जात नाही, सेट पुन्हा उघडावा लागतो. ‘क्रश स्लीव्ह’ हा पिनियनच्या दोन बेअरिंगमधला चेपणारा पाइप. नट जास्त आवळला तर तो मागे फिरवून भागत नाही. चेपलेली स्लीव्ह परत फुगत नाही, नवीच घालायची.

तुमच्या ८.८ इंची एक्सलमध्ये सगळे सेट एकाच कॅरियरवर (क्राउन ज्यावर बोल्टने बसतं त्या डिफरन्शियलच्या घरावर) बसतात, हे बरं आहे. शेवरोलेच्या जुन्या १२-बोल्ट एक्सलला ३.०७ ते ३.७३ ला एक कॅरियर आणि ३.९० पासून पुढे दुसरा लागतो; तिथे ३.७३ की ४.१० हा प्रश्न थेट खिशाचा होतो. ट्रॅक्शन-लॉक (एकच चाक जागीच फिरत राहू नये म्हणून क्लच असलेला फोर्डचा डिफरन्शियल) असेल तर तेलात फ्रिक्शन मॉडिफायर (त्या क्लचचं घर्षण सांभाळणारं मिश्रण) सुमारे ११८ मिली घाला, नाहीतर वळणावर मागून थरथर येते. नवा सेट पहिल्यांदा पंधरा-वीस मिनिटं हळू चालवून पूर्ण गार होऊ द्या. पहिले ८०० किमी जोर देऊ नका, मग तेल बदला.

राहिला स्पीडोमीटर. त्याची केबल गिअरबॉक्समधून निघते, त्यामुळे ३.०८ वरून ३.७३ वर गेलात की काटा २१ टक्के पुढे बोलतो: खरे १०० असताना १२१ दाखवतो, आणि किलोमीटरही तेवढेच फुगतात. केबलच्या टोकाचा प्लास्टिकचा गिअर त्याच प्रमाणात जास्त दात्यांचा घालावा लागतो. आता १७ दात्यांचा असेल तर २१ चा. आणि इथे मात्र ‘दाते वाढवले’ हाच शब्द बिनचूक आहे.