जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राच्या) झिजलेल्या शाफ्टवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, धातू चढवणे आणि त्याच मशीनवर तो मापात कापणे शक्य आहे का?

होय, शक्य आहे. ही दोन्ही कामे करणाऱ्या संकरित मशीनमध्ये धातूची पावडर लेझरने वितळवून थर चढवणारे हेड आणि सीएनसी (संगणक-नियंत्रित) कटिंगची टूल्स एकत्र असतात, आणि डीएमजी मोरी कंपनीने असे मशीन २०१३ मध्येच दाखवले होते. खरा लाभ असा की मशीनवर एकदा बांधलेला जॉब (कामाचा भाग) मध्येच सोडावा लागत नाही, त्यामुळे मापांचा मूळ संदर्भ हलत नाही. शिवाय पुढच्या थरांखाली झाकली जाणारी आतली पोकळीही, टूल पोहोचते तोवरच, मापात कापता येते. चढवलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून अंतिम कट त्यानंतरच घ्यावा लागतो. तथापि यवतमाळ-वणीकडच्या जिनिंगमधील साध्या शाफ्टसाठी हे मशीन मुळीच परवडणारे नाही. तेथे वेल्डिंगने भरून लेथवर टर्निंग करणे (फिरवत मापात कापणे) हेच मी आग्रहाने सुचवीन.