काळा टोमॅटो आणि ठाण्याची हवा: तीन प्रश्नांना उत्तर

काळ्या टोमॅटोबद्दल महिनाभरात माझ्याकडे तीन प्रश्न आले. मुरबाडजवळचे एक शेतकरी दादा विचारतात, "दहा गुंठे शेडनेटमध्ये गेल्या जानेवारीत काळा टोमॅटो लावला. फुलं भरपूर आली, सगळी गळाली. निम्मी झाडं हिरवीगार असतानाच मान टाकून मेली. यंदा परत लावू का?" नेरूळच्या एका ताईंनी गॅलरीतल्या कुंडीतल्या फळाचा फोटो पाठवलाय. फळ एका अंगाने जांभळट काळे, दुसऱ्या अंगाने हिरवे. त्यांना शंका आहे की हा रोग आहे. आणि घोडबंदर रोडवर राहणारा, वडिलांच्या शहापूरच्या जमिनीत काही करू पाहणारा एक तरुण विचारतो, "चुलतभाऊ अमेरिकेहून येतोय, त्याला बी आणायला सांगू का?"

ताईंच्या फळापासून सुरुवात करतो, कारण त्या एका फोटोत या पिकाचं अर्धं मर्म आहे. ताई, तो रोग नाही. फळाच्या देठाची हिरवी टोपी नखाने अलगद उचला. खाली फिकट हिरवी चांदणी दिसेल. फळावर एखादं पान टेकून राहिलं असेल, तर त्या पानाचा आकारसुद्धा सालीवर हिरवा उमटलेला सापडेल. तुमच्या जातीत काळा रंग फक्त सालीत येतो, आणि सालीच्या ज्या भागावर ऊन पडतं तेवढ्याच भागावर येतो. हे रंगद्रव्य अँथोसायनिन. जांभूळ खाल्ल्यावर जीभ रंगवतं ते हेच, वांग्याच्या सालीतलंही हेच. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्य विद्यापीठाने २०१२ मध्ये 'इंडिगो रोझ' ही जात दिली, ती या प्रकारची. टोमॅटोच्या रानटी भाऊबंदांशी संकर करून हा रंग तिच्यात आणला. आतला गर मात्र आपल्या नेहमीच्या टोमॅटोसारखा लालच असतो.

दुसरा प्रकार याहून वेगळा. 'ब्लॅक क्रिम', 'चेरोकी पर्पल', 'ब्लॅक चेरी' या जाती त्यातल्या. साधा टोमॅटो पिकताना त्यातलं हरितद्रव्य विरून जातं आणि लाल लायकोपीन भरत जातं. या जातींत लाल भरतो, पण हिरवा पुरता जात नाही. लाल आणि हिरवा रंग एकत्र कालवला की तपकिरी होतो, तसंच इथे होतं. फळ आतून-बाहेरून चॉकलेटी दिसतं, देठाजवळचे खांदे बरेचदा हिरवट राहतात. हा रंग फळावर थेट ऊन पडण्यावर अवलंबून नाही. म्हणून गॅलरीत चार-पाच तासच ऊन येत असेल, तर पुढच्या वेळी 'ब्लॅक चेरी'सारखी बारीक फळांची जात घ्या. पूर्ण दिवस ऊन मिळणारी गच्ची असेल तर जांभळी सालवाली जात खुशाल लावा.

तोडणीत इथेच फसगत होते. इंडिगो प्रकारचं फळ सुपारीएवढं असतानाच काळं पडायला लागतं, आणि लोक ते कच्चंच तोडून "चव नाही" म्हणतात. काळं झालं म्हणजे पिकलं असं या जातीत समजू नका. फळाचं बूड बघा. तिथला हिरवा डाग तांबूस झाला, सालीची चकाकी मावळली आणि बोटाने दाबल्यावर फळ किंचित दबलं, की तोडा. ब्लॅक क्रिमचं उलट आहे. ते पाव किलोच्या आसपासचं, पातळ सालीचं फळ. झाडावर पूर्ण पिकेपर्यंत ठेवलं तर खांद्याला तडे जातात. रंग फिरायला लागला की काढून घरात सावलीत पिकवा.

आता दादांचं नुकसान. त्यात दोन वेगळी दुखणी आहेत, आणि दोन्हींना उपाय आहेत.

पहिलं दुखणं तारखेचं. टोमॅटोची फळधारणा रात्रीच्या गारव्यावर ठरते. रात्रीचं तापमान १५ ते २० अंश असेल तर फूल बसतं. २२ अंशांच्या वर रात्री जायला लागल्या की पराग नीट काम करत नाही आणि फूल देठाशी पिवळं होऊन गळतं. दिवसा ३५ अंशांच्या पुढेही तेच. आपल्याकडे अशा गार रात्री साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी एवढ्याच मिळतात, आणि खाडीकाठच्या ऐरोली-वाशीपेक्षा मुरबाड-शहापूरला त्या जास्त गार असतात. तुम्ही जानेवारीत रोपं लावलीत, फुलं आली फेब्रुवारीच्या अखेरीला, आणि मार्चने ती खाली पाडली. औषध फवारून हे थांबलं नसतं. रंगाचंही तसंच आहे: ३० अंशांच्या वर लायकोपीन धड बनत नाही, मग एप्रिलमधलं 'काळं' फळ पिवळट, मातकट दिसतं. गारवा आणि कडक ऊन एकत्र मिळालं की जांभळा रंगही गडद येतो.

तेव्हा उलटीकडून मोजा. फुलं डिसेंबरच्या आधीपासून यायला हवीत. त्यासाठी बी १५ ते ३० सप्टेंबरच्या दरम्यान, म्हणजे बहुतेक वर्षी पितृपंधरवड्याच्या आसपास, ट्रेमध्ये टाका. तेव्हा पाऊस संपलेला नसतो, म्हणून ट्रे पडवीत किंवा प्लॅस्टिकच्या छपराखाली, पण उजेडात ठेवा. २५-३० दिवसांची रोपं परतीचा पाऊस ओसरल्यावर, दिवाळीच्या आगेमागे लावा. लावणीपासून ७५-८० दिवसांनी मोठ्या फळांच्या जातींची पहिली तोडणी येते, चेरी प्रकारची त्याआधी. जानेवारी ते मार्च तुमचा हंगाम. भेंडीचं वेळापत्रक इथे लावू नका. आपल्या भागात भेंडी उन्हाळ्यातही साथ देते, टोमॅटो देत नाही.

दुसरं दुखणं जास्त गंभीर आहे. हिरवं झाड दुपारी मान टाकतं, संध्याकाळी सावरतं, आणि तीन-चार दिवसांत पिवळं न पडताच मरतं, हा जिवाणूजन्य मर रोग. कोकणातली आम्लधर्मी जमीन, ऊब आणि ओल त्याला फार मानवते. खात्री घरीच करता येते. गेल्या फेब्रुवारीत एका शेतावर आम्ही असंच केलं: मेलेल्या झाडाचं बुंध्याजवळचं बोटभर खोड कापलं आणि स्वच्छ पाण्याने भरलेल्या काचेच्या ग्लासात टोक बुडेल असं, न हलवता धरलं. दोन-तीन मिनिटांत कापातून पांढरट दुधी धागा सुटून सरळ खाली उतरू लागला. बागेतली माउली पदर तोंडाला लावून बघत राहिली. तिने त्या झाडांवर तीन वेळा बुरशीनाशक मारलं होतं. हा जिवाणू आहे, बुरशी नाही, आणि तो खोडाच्या आत पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करतो. तो लागल्यावर कुठल्याही फवारणीने झाड वाचत नाही. त्यावर पैसे घालवू नका. झाड मुळासकट उपटून शेताबाहेर जाळा, त्या खड्ड्यातलं पाणी शेजारच्या झाडाकडे जाऊ देऊ नका, खुरपं आणि कात्री धुऊन मगच दुसऱ्या झाडाला लावा.

काळ्या जाती बहुतेक जुन्या, परदेशी वाण आहेत. त्यांच्यात या रोगाला प्रतिकार नाही. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या 'अर्का रक्षक'सारख्या संकरित जाती मर रोग, पर्णगुच्छ (पानं आकसवणारा विषाणूरोग) आणि करपा यांना तोंड देतात, पण त्या लाल फळांच्या आहेत. त्यामुळे काळा हवा असेल तर दोन वाटा. एक, वांग्याच्या मर-प्रतिकारक खुंटावर, म्हणजे खालच्या मुळांच्या रोपावर, टोमॅटोचं कलम. वांग्याचं रोप सावकाश वाढतं म्हणून खुंटाचं बी काही दिवस आधी टाकायचं. कलमाचा जोड, रोप लावताना, मातीच्या वरच राहिला पाहिजे. टोमॅटोचं साधं रोप आपण खोडासकट खोल लावतो, कलमी रोपाला तसं केलंत तर वरच्या टोमॅटोला स्वतःची मुळं फुटतील आणि रोग त्या मुळांतून शिरेल. सगळा खर्च पाण्यात जाईल.

दुसरी वाट मातीच बदलण्याची. वीस लिटरची ग्रोबॅग, तीत एक भाग पोयटा माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग धुतलेला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). बॅग विटांवर ठेवा, खालच्या जमिनीत मुळं जाता कामा नयेत. रोग आलेल्या दहा गुंठ्यांत ही पद्धत मला जास्त भरवशाची वाटते. त्या जमिनीत पावसाळ्यात भात घ्या. पाणी साचलेल्या खाचरात या रोगाचा जोर कमी होतो. माती तपासणी करून सामू (पीएच) कमी निघाला तर शिफारशीइतका चुना द्या. वांगी, मिरची, बटाटा तिथे टाळा, ती याच कुळातली.

शेडनेटबद्दल एक गोष्ट मनापासून सांगतो. पन्नास टक्के सावलीची जाळी हिवाळ्यात टोमॅटोला नको. झाड उंच, लुसलुशीत होतं आणि फळ फिकट राहतं. वर ३५ टक्क्यांपेक्षा जास्त सावली नको, बाजूंना ४० ते ५० मेशची, म्हणजे बारीक छिद्रांची, कीटकरोधक जाळी हवी, कारण पांढरी माशी पर्णगुच्छ आणते आणि या जुन्या जाती त्यालाही लवकर बळी पडतात. पॉलिहाऊस असेल तर लक्षात घ्या, पुष्कळशा प्लॅस्टिक कागदांत अतिनील किरण अडवले जातात, त्यामुळे जांभळी साल तिथे उघड्यावरच्याइतकी गडद होत नाही. चॉकलेटी जातींना त्याची फिकीर नाही.

जाळीत वारा नसतो. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं, पण त्याला हलकासा झटका लागतो. सकाळी दहा-अकराच्या सुमारास, दव सुकल्यावर, घोसांच्या तारेला टिचकी मारत एक फेरी मारा. गॅलरीतही हेच.

या सगळ्या जाती वेलासारख्या वाढत राहतात. एका खोडावर चढवा, सुतळीने वरच्या तारेला बांधा, पान आणि खोड यांच्या बेचक्यातून निघणारे बगलफुटवे बोटाएवढे असतानाच खुडा. पहिल्या घोसाखालची पाने फळ धरल्यावर काढली की हवा खेळते आणि करपा कमी येतो. पिवळे चिकट सापळे लावाच. पानात वेड्यावाकड्या पांढऱ्या नक्ष्या आणि फळाला टाचणीएवढी भोकं दिसली तर ती टुटा अळी. ही कीड २०१४ मध्ये महाराष्ट्रात पहिल्यांदा दिसली आणि आता सगळीकडे आहे. लागलेली पानं आणि फळं तोडून बंद पिशवीत उन्हात ठेवा, शेतातच टाकू नका. सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क फवारा.

खताचं थोडक्यात: रोप रुजल्यावर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत), लिटरला दोन ग्रॅम, आठवड्यातून एकदा. फुलं लागली की एका आठवड्यात कॅल्शियम नायट्रेट, दुसऱ्या आठवड्यात १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट). कॅल्शियम नायट्रेट स्फुरद किंवा गंधक असलेल्या खताबरोबर एकाच टाकीत घालू नका, खाली पांढरा गाळ बसेल आणि ठिबकचे ड्रिपर बुजतील. फळाचं बूड काळं, चामड्यासारखं होऊन आत दबलं, तर तो मात्र काळ्या जातीचा रंग नव्हे. कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही, आणि याचं कारण बहुधा एक दिवस कोरडं, एक दिवस चिखल असं पाणी. ताई, अंड्याची टरफलं घालून चालू हंगामातलं फळ सुधारत नाही, ती विरायला महिने लागतात. बोटभर माती उकरून ओल बघा आणि रोज ठरल्या वेळी पाणी द्या.

दादा, यंदा लावा, पण दहा गुंठे नको. काळ्याच्या पन्नास बॅगा लावा, उरलेल्या बॅगांत नेहमीची लाल संकरित जात. वाशीच्या बाजार समितीत काळ्या टोमॅटोची पाटी उघडली तर पहिल्या नजरेला माल उतरलेला वाटतो, आणि पातळ सालीचं फळ हमालीत टिकत नाही. गिऱ्हाईक बी टाकण्याआधी बघा: ठाणे-नवी मुंबईतल्या गृहसंकुलांचे आठवडे बाजार, एखाददुसरं हॉटेल. फळ कापून, चव देऊन विकावं लागेल. ब्लॅक क्रिमची जाड फोड, वर मीठ आणि भरडलेलं जिरं. एकदा खाल्लं की माणूस पुढच्या रविवारी परत येतो.

राहिला तरुण मित्राचा प्रश्न. भावाला बी आणायला सांगू नकोस. परदेशातून बियाणं आणायला २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो, खिशातून आणलेली पुडीही त्यातून सुटत नाही. टोमॅटोचा तपकिरी सुरकुत्या विषाणू बियाण्याच्या सालीवरून देशोदेशी फिरतो आहे. तो आपल्या नारायणगाव-पिंपळगावच्या टोमॅटो पट्ट्यात शिरला तर हजारो घरांचं पीक जाईल. शिवाय अमेरिकेत २०२४ पासून घरच्या बागेसाठी जो गर्द जांभळ्या गराचा टोमॅटो मिळतो, तो जनुकीय बदल केलेला आहे, त्यात स्नॅपड्रॅगन या फुलझाडाची जनुकं आहेत. त्याच्या लागवडीला आपल्याकडे परवानगी नाही.

वर सांगितलेल्या जुन्या जाती इथल्या परवानाधारक विक्रेत्याकडे मिळू शकतात. लॉट नंबर असलेलं पाकीट आणि पावती घे. या सरळ वाणाच्या आहेत, त्यामुळे बी एकदाच विकत घ्यावं लागेल. सर्वांत निरोगी झाडाचं, दुसऱ्या-तिसऱ्या घोसातलं पूर्ण पिकलेलं फळ निवड. गर वाटीत काढ, दोन-तीन दिवस झाकून आंबव, वर साय आली की खळखळून धू. तळाला बसलेलं बी घ्यायचं, तरंगणारं टाकायचं. चिनी मातीच्या बशीत सावलीत वाळव, कागदावर नको, चिकटतं. मग कोरड्या बाटलीत भरून जातीचं नाव आणि साल लिहून ठेव, आणि पुढच्या सप्टेंबरमध्ये ट्रे भरताना तीच बाटली उघड.