ऑनलाइन बीएससी नर्सिंग: एजंटला पैसे देण्याआधी

प्रश्न: माझं बारावीनंतर जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालं आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात तीन वर्षांपासून एनएचएममध्ये (राष्ट्रीय आरोग्य अभियानात) कंत्राटी स्टाफ नर्स आहे. मुलगी लहान आहे, नोकरी सोडता येत नाही. एक एजंट म्हणतो, दीड वर्षात ऑनलाइन बीएससी नर्सिंग करून देतो, फक्त परीक्षेला या. पैसे भरू का?

उत्तर: ताई, भरू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमावलीनुसार जे विषय दूरस्थ किंवा ऑनलाइन शिकवायला मनाई आहे, त्यांत नर्सिंग आहे. एजंट देईल तो कागद महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये वाढीव शैक्षणिक अर्हता म्हणून नोंदवला जाणार नाही, आणि नोंद नसलेली पदवी भरतीत कुणी धरत नाही. फोनवर ज्या ऑनलाइन पदवीच्या जाहिराती दिसतात, त्या बहुतेक अमेरिकेतल्या. तिथे दोन वर्षांचा नर्सिंग अभ्यासक्रम करून परवाना मिळालेल्या नर्स नोकरी सांभाळून उरलेली पदवी ऑनलाइन करतात. त्यासाठी आधी तिथला परवाना, म्हणजे एनक्लेक्स परीक्षा पास व्हावी लागते.

तुमच्यासाठी पदवी म्हणजे पोस्ट बेसिक बीएससी नर्सिंग, जीएनएमनंतर करायची. ती नियमित महाविद्यालयात दोन वर्षांची आहे, पूर्ण वेळ हजेरीची. नियमित सेवेतल्या परिचारिका खात्याकडून अध्ययन रजेचा प्रस्ताव तरी पाठवू शकतात. तुमच्यासारख्या अकरा महिन्यांच्या नेमणुकीच्या ऑर्डरवर असलेल्यांना तो मार्ग जवळपास बंदच. मग उरतो इग्नू या मुक्त विद्यापीठाचा याच पदवीचा अभ्यासक्रम. वरच्या मनाईला सेवेतल्या परिचारिकांसाठीचा तो ओळखीचा अपवाद आहे, किमान तीन वर्षांचा. पण तो दूरस्थ आहे, ऑनलाइन नाही, हे घरच्यांनाही आधीच समजावून सांगा. थिअरी घरी, प्रात्यक्षिकं मात्र नेमून दिलेल्या अभ्यासकेंद्रावर प्रत्यक्ष हजर राहून.

प्रवेश परीक्षेतून होतो. बारावी आणि तीन वर्षांचं जीएनएम झालेल्यांना नोंदणीनंतर दोन वर्षांचा अनुभव लागतो, दहावीवर जीएनएम केलेल्यांना पाच वर्षांचा. अर्ज अडतात ते इथेच. अनुभव निकालाच्या तारखेपासून नाही, कौन्सिलच्या नोंदणीच्या तारखेपासून मोजला जातो. निकालानंतर नोंदणीला सहा महिने लागले असतील, तर त्या सहा महिन्यांतली नोकरी धरली जात नाही. कंत्राटी नोकरीत ऑर्डरच्या मध्ये तांत्रिक खंड असतो, म्हणून ‘तीन वर्षांपासून कार्यरत’ असं मोघम प्रमाणपत्र घेऊ नका. प्रत्येक ऑर्डरची रुजू तारीख आणि मुदत संपल्याची तारीख वेगळी लिहून, आवक-जावक क्रमांकासह, वैद्यकीय अधीक्षकांच्या सहीशिक्क्याचं घ्या. नोंदणीची मुदत संपत आली असेल तर आधी नूतनीकरण उरका. दहावीची सनद, नोंदणी आणि आधार यांवर माहेरचं-सासरचं नाव वेगळं असेल, तर विवाह प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र हाताशी ठेवा. ऐन पडताळणीच्या दिवशी तहसीलला धावून काही होत नाही.

फॉर्म भरण्याआधी इग्नूच्या नागपूर प्रादेशिक केंद्राला एकच गोष्ट विचारा: या सत्रात नर्सिंगचं कोणतं अभ्यासकेंद्र चालू आहे, आणि तिथे जागा किती? केंद्र नागपूरला मिळालं तर गडचिरोलीहून एसटीनेच अर्धा दिवस जातो, एटापल्ली-भामरागडकडून त्याहून जास्त. म्हणजे प्रात्यक्षिकाच्या काळात तिथेच राहण्याची सोय आणि मुलीला सांभाळणारं माणूस, दोन्ही लागणार. माझ्या मते फीपेक्षा हाच खर्च तुमचा निर्णय ठरवेल. किरकोळ रजा लग्नकार्यात संपवू नका, आणि नाइट ड्युटीची अदलाबदल करणारी एक सहकारी आत्ताच ठरवून ठेवा.

अभ्यासाचं माध्यम इंग्रजी आहे. जीएनएमची पुस्तकं वाचलेल्याला ते जड जात नाही. लिहिणं जड जातं. स्वाध्याय मैत्रिणीचा पाहून उतरवला की तो परत येतो, आणि स्वाध्याय अडला की विषय पूर्ण होत नाही. साहित्य ईज्ञानकोश या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये आहे. रेंज मिळेल तेव्हा उतरवून घ्या. प्रात्यक्षिकांच्या नोंदींच्या लॉगबुकवर पर्यवेक्षकांची सही त्या-त्या दिवशीच घ्या. शेवटी एकदम सह्या मागायला गेलं की ज्यांच्यासमोर काम केलं त्या मॅडमची बदली झालेली असते.

आता पत्रात नसलेला प्रश्न: पदवी कशासाठी हवी? एम्सच्या नर्सिंग ऑफिसर पदासाठी हवी असेल, तर नॉरसेट परीक्षेला जीएनएमही चालतं. किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव मात्र लागतो. ग्रामीण रुग्णालय बहुतेक ३० खाटांचं असतं, म्हणून तुमच्या बाबतीत अडचण पदवीची नसून खाटांची असू शकते. उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात नेमणूक मिळवणं हा तिथे जवळचा रस्ता आहे. समुदाय आरोग्य अधिकारी व्हायचं असेल, तर नर्सिंगच्या अर्हतेबरोबर सामुदायिक आरोग्याचं सहा महिन्यांचं प्रमाणपत्र किंवा ते अंतर्भूत असलेला अभ्यासक्रम लागतो; तेव्हा नुसत्या पोस्ट बेसिकवर अर्ज टिकेल का, ते जाहिरातीत वाचा. शिकवायचं असेल किंवा एमएस्सी करायची असेल, तर मात्र पोस्ट बेसिकशिवाय गत्यंतर नाही, आणि एमएस्सीला ५५ टक्के लागतात, म्हणून पहिल्या वर्षापासून गुण राखा.

एजंटकडे मूळ सनद किंवा नोंदणी प्रमाणपत्र दिलं असेल, तर ते या आठवड्यातच परत आणा.