डॉक्सीच्या स्ट्रिप सोलापुरातून आणू नकोस

तुझा मेसेज काल रात्री वाचला. सप्टेंबरमध्ये बर्मिंगहॅमला येतोयस, आपल्याला पुरुष आवडतात हे घरी अजून कुणाला सांगितलेलं नाहीस, आणि विचारतोस, "दादा, तिकडे म्हणे सेक्सनंतर डॉक्सी घेतली की रोगच लागत नाही, डॉक्टरच देतात. इथं स्वस्त आहे, पाच-सहा स्ट्रिप घेऊन येऊ का?"

डॉक्सी, म्हणजे डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक, नको आणूस. का नको ते नीट सांगतो, कारण मी हेच केलं होतं.

2016 साली निघताना शेंगाचटणी, कडक भाकरी आणि आईनं बळंच कोंबलेली चादर, यांच्या मध्ये माझ्या डॉक्सीच्या दोन स्ट्रिप होत्या. नव्या पेठेतल्या मेडिकलमध्ये शेजारी गल्लीतल्या काकू उभ्या होत्या, म्हणून गोळीचं नाव कागदावर लिहून पुढे सरकवलं. चिठ्ठी कुणी मागितली नाही. "जेवल्यावर घ्या," एवढंच सांगितलं. मँचेस्टरला आल्यावर दुसऱ्याच महिन्यात लघवीला जळजळ सुरू झाली. मनानंच तीन दिवस गोळ्या घेतल्या, जरा बरं वाटलं, बंद केल्या. पुढं अंगभर पुरळ उठलं, तळहातांवरसुद्धा. रक्त तपासलं तर सिफिलिस, आपल्याकडे जिला गरमी म्हणतात ती. अर्धवट गोळ्यांनी ती गेली नव्हती. शेवटी पेनिसिलिनची इंजेक्शनं घ्यावी लागली.

तू ऐकलंस ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. कंडोमशिवाय संबंध आला तर 72 तासांच्या आत डॉक्सीसायक्लिनचा 200 मिलिग्रॅमचा एकच डोस घ्यायचा, जितक्या लवकर तितकं बरं, आणि 24 तासांत एकदाच. याला डॉक्सीपेप म्हणतात. सॅन फ्रान्सिस्को आणि सिॲटलमधल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2023 मध्ये छापून आले. लैंगिक आजारांचं प्रमाण साधारण दोन तृतीयांशानं घटलं होतं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेनं जून 2024 मध्ये सल्ला दिला, पण सरसकट सगळ्यांना नाही. समलिंगी व उभयलिंगी पुरुष आणि ट्रान्स स्त्रिया, त्यातही वर्षभरात असा आजार होऊन गेलेले, यांच्याशी डॉक्टरांनी बोलून ठरवावं असं त्यांचं म्हणणं. केनियात स्त्रियांवर हाच प्रयोग झाला तेव्हा फरक दिसला नाही. केसांचे नमुने तपासल्यावर कळलं की बऱ्याच जणींनी गोळी घेतलीच नव्हती.

ब्रिटनमधल्या डॉक्टरांचा भर सिफिलिस रोखण्यावर आहे. परम्याच्या, म्हणजे गोनोरियाच्या, इथल्या जंतूंवर हे औषध फारसं चालत नाही. इथंच डॉक्टरांचे दोन सूर लागतात. एक म्हणतो, ज्याला वर्षात दोनदा-तीनदा सिफिलिस होतो त्याला डॉक्सी दिली तर त्याचा त्रास वाचतो आणि पुढचे उपचारही. दुसरा विचारतो, धडधाकट माणसाला महिन्यात दहा वेळा अँटिबायोटिक दिलं तर नाकातले, कातडीवरचे, पोटातले जंतू काय शिकतील? उद्या न्यूमोनियाला हेच औषध लागलं तर? मला दोघांचंही पटतं. म्हणूनच हा निर्णय तुला ओळखणाऱ्या, तुझे रिपोर्ट समोर असलेल्या डॉक्टरनं घ्यावा असं मी कळकळीनं सांगतो. मेडिकलच्या काउंटरवर तो होत नाही.

डॉक्टरनं दिलीच तर पेलाभर पाण्याबरोबर घे आणि अर्धा तास तरी आडवा होऊ नकोस, नाहीतर अन्ननलिका भाजल्यासारखी होते. दूध, ॲसिडिटीची गोळी, लोहाची गोळी तिच्याबरोबर नको. उन्हानं कातडी लवकर भाजते. एचआयव्ही, हर्पिस, एमपॉक्स यांवर ती काहीच करत नाही. एचआयव्ही लागू नये म्हणून घ्यायची गोळी, प्रेप, वेगळी; ती इंग्लंडमध्ये लैंगिक आरोग्याच्या क्लिनिकमधून फुकट मिळते.

क्लिनिकची भीती तुझ्या मनात असणार, माझ्याही होती. व्हिसासाठी तुझी टीबीची तपासणी होईल, लैंगिक आजारांची नाही. विद्यार्थी म्हणून तू वर्षाला 776 पौंड हेल्थ सरचार्ज भरशील, पण लैंगिक आजारांची तपासणी आणि उपचार इंग्लंडमध्ये तो न भरणाऱ्यालाही मोफत आहेत. पहिल्या वेळी नर्सनं मला विचारलं, पार्टनर पुरुष की स्त्री की दोन्ही? पेन हातात, नजर फॉर्मवर, जेवण झालं का विचारावं त्या सुरात. माझ्या घशाला कोरड पडली होती. तिनं पाणी आणून दिलं आणि थांबली. मग घसा आणि गुदद्वाराचे स्वॅब माझे मलाच घ्यायला दिले, लघवीची बाटली दिली, रक्त काढलं. घसा, गुदद्वार, लघवी, हे तिन्ही तपासायला सांगच. नुसत्या लघवीत घशातला परमा सापडत नाही.

निघण्याआधी एचआयव्हीची तपासणी करायची असेल तर आपल्या सिव्हिलमध्ये ती मोफत होते, समुपदेशनासकट. जमलं तर करून ये.

आल्यावर पहिल्याच महिन्यात क्लिनिकची वेळ घे, त्रास असो वा नसो. एकट्यानं जायला जड वाटलं तर फोन कर. मँचेस्टरहून गाडीनं दीड-एक तास लागतो, मी येतो आणि बाहेर बाकड्यावर बसतो.