नेमाड्यांच्या वाचकांविषयी

चि. यास अनेक आशीर्वाद.

भालचंद्र नेमाडे यांच्या कादंबऱ्यांविषयी वाचकांची मते जमवून तू केलेला मसुदा दोनदा वाचला. मते पुष्कळ आहेत. परंतु ती देणाऱ्याने कोणते पुस्तक वाचले आणि कोणत्या वयात वाचले, याची नोंद एकाही मतापुढे नाही. त्यामुळे ‘आवडतात’ आणि ‘झेपत नाहीत’ अशा दोनच राशी हाती उरतात.

‘कोसला’ ही पहिली कादंबरी १९६३ साली आली तेव्हा लेखक पंचविशीत होता. ‘हिंदू’ आली ती २०१० साली. वसतिगृहात असताना ‘कोसला’ वाचलेला मनुष्य पन्नाशीतही तिच्या नायकाची, पांडुरंग सांगवीकराची, बाजू घेऊन भांडतो, आणि त्याचे मत बरेचसे स्वतःच्या विशीविषयीचे असते. (माझेही तसेच आहे.) चांगदेव पाटील हा नायक असलेल्या कादंबऱ्यांना तू दोन ओळी दिल्या आहेस, त्या कादंबऱ्या मुख्यतः प्राध्यापक मंडळीच वाचतात, असा माझाही अनुभव आहे.

आमच्या वाचनालयातील ‘कोसला’ची प्रत तीनदा बांधून झाली. पांडुरंगाच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूच्या पानांचे कोपरे हात लागून लागून मऊ पडले आहेत. कोणा चिकित्सक वाचकाने ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे शब्द मोजण्यासाठी समासात पेन्सिलीने रेघा ओढल्या आहेत, पण मनीच्या पानांच्या आधीच त्या थांबतात. बहुधा तो मोजायचे विसरला. ‘हिंदू’ची प्रत पहिल्या शंभरेक पानांपर्यंत मळलेली आणि पुढे जवळपास कोरी आहे. मात्र ती पुरी वाचलेले एक शेतकरी गृहस्थ मोहेंजोदडोचा भाग भराभर उलटून नायकाच्या गावाशी, मोरगावाशी, येऊन थांबले होते, आणि त्या नायकाच्या, खंडेरावाच्या, घरातली माणसे त्यांना आपल्या भाऊबंदांसारखी ओळखीची वाटली होती. असे मत तुझ्या दोन राशींपैकी कोणत्या राशीत घालशील?

साहित्य संमेलनांवरील टीका, कथा हा क्षुद्र वाङ्मयप्रकार असल्याचे विधान, देशीवादाचा (साहित्य आपल्याच मातीतल्या परंपरेतून यावे या मताचा) आग्रह, या नेमाड्यांच्या भूमिकांवर चिडलेली मते निराळी काढ. २०१४ च्या ज्ञानपीठानंतर अशा मतांना ऊत आला. ज्या मतात एकाही पात्राचे नाव येत नाही, ते बहुधा भाषणावरचे असते, एवढी खूण पुरे. ही मते टाकून मात्र देऊ नकोस, कारण डिवचणे हा या लेखकाचा स्वभावच आहे आणि त्याच्या नायकांतही तो उतरला आहे.

स्त्रीवाचकांची तक्रार तू तळटीपेत ढकलली आहेस, हे मला पटले नाही. पांडुरंगाच्या जगात आई आणि बहिणींपलीकडे स्त्रीला फारशी जागा नाही, हा आक्षेप पुस्तकातूनच आलेला आहे. मनीच्या पानांनी हलून गेलेली वाचकही तो घेते, म्हणून त्याला मुख्य लेखात जागा दे.

रविवारी सकाळी दहाच्या पुढे ये. ‘कोसला’ची ती प्रत बाहेर नेऊ देत नाहीत, इथेच बसून पाहावी लागेल. येताना मतांचे मूळ कागद आण.

तुझा,
काका